नव्या खेळाडूंची पहिली पात्रं: कॅम्पेनच्या आधीची बैठक

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, पात्र होऊन खेळायच्या खेळात कॅम्पेन (अनेक सेशन, म्हणजे बैठका, चालणारी एक गोष्ट) मोडतं ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या सेशनला, पण त्याचं बी पहिल्या सेशनच्याही आधी पेरलेलं असतं. चौघांनी चार घरी बसून चार पात्रं केलेली असतात. एकाचा एकलकोंडा मारेकरी, कुणाशी बोलायला तयार नसलेला. दुसरीची वैद्य, जीव घेणार नाही अशी शपथ घेतलेली. तिसऱ्याने नेटवरून उतरवून घेतलेला सर्वांत जास्त मार देणारा बिल्ड (पात्राची तयार जुळणी). आणि चौथ्याला क्लास (पात्राचा पेशा) म्हणजे काय हेच अजून उमगलेलं नसतं. सुटं सुटं पाहिलं तर एकेक पात्र ठीक आहे. पण हे चौघं एका वाटेने का चालतील, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. ते उत्तर मग डीएमला (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) दर आठवड्याला नव्याने शोधावं लागतं, आणि तो थकतो.

म्हणून नवे खेळाडू असतील तर पात्रं एकत्र बसूनच करायची. या बैठकीला सेशन झिरो म्हणतात. पहिल्यांदा डीएम होणाऱ्याने ती कशी घ्यावी, ते इथे सांगतो. आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या नियमांचे आहेत. मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत मिळतो, त्यामुळे सुरुवातीला कुणीही पुस्तक विकत घ्यायची गरज नाही.

आवृत्ती कोणती ते आधी जाहीर करा. २०२४ साली सुधारित नियम आले आणि त्यात एक महत्त्वाचा बदल झाला: २०१४ मध्ये स्टॅट्सची (ताकद, बुद्धी अशा गुणांच्या आकड्यांची) वाढ वंशावरून (एल्फ, ड्वार्फ, माणूस) मिळायची, २०२४ मध्ये ती बॅकग्राउंडवरून (पात्र आधी काय करत होतं त्यावरून) मिळते. एकाने जुनं वाचलं आणि दुसऱ्याने नवं, की कुणीतरी दोन्हीकडची वाढ घेऊन बसतो आणि कुणाला एकही मिळत नाही. दोन्ही आवृत्त्या चांगल्या आहेत. टेबलावर एकच हवी.

बैठकीची तयारी

चार खेळाडू आणि एक डीएम ही नवख्यांसाठी सगळ्यांत सोयीची संख्या. तीन चालतात. सहा झाले की लढाईत स्वतःची पाळी येईपर्यंत नवा माणूस मोबाइल उघडतो, आणि एकदा उघडलेला मोबाइल सहसा बंद होत नाही.

साडेतीन तास मोकळे ठेवा. एक जण विरारचा, एक कल्याणची, एक पनवेलचा असा गट असेल तर दादर-माटुंग्याच्या आसपास कुणाचं घर मिळतंय का बघा. पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांना ते जवळ पडतं. रविवार ठरवत असाल तर आदल्या रात्री मेगाब्लॉकचं वेळापत्रक पाहून मगच वेळ पक्की करा, कारण अर्धा तास उशिरा आलेल्यासाठी सगळं पुन्हा समजावावं लागतं. बोर्ड गेम कॅफेतही बसता येतं. पण या बैठकीत बोलणं जास्त आणि फासे टाकणं कमी असतं, शेजारच्या टेबलाचा गलका त्रास देतो. घरी जमिनीवर चटई टाकून बसलात तरी उत्तम.

कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा फॉर्म, तीन पानांची असते. नवख्याला फक्त पहिलं पान द्या, आणि जादू करणाऱ्याला शिवाय स्पेलचं पान. प्रत्येकासाठी दोन झेरॉक्स काढा, एक कच्ची आणि एक पक्की. पेन नको, पेन्सिल आणि खोडरबर हवं. हिट पॉइंट्सचा (पात्र किती मार सोसू शकतं त्या आकड्याचा) चौकोन दर सेशनला इतका खोडला जातो की पातळ कागद फाटतो, तेव्हा त्या चौकोनावर छोटी चिकटचिठ्ठी लावून तिच्यावर लिहा.

फाशांचा संच सात नगांचा असतो: चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा प्रत्येकी एक, आणि दहा बाजूंचे दोन, त्यातल्या एकावर ००, १०, २० असे दशक. प्रत्येकाचा वेगळा संच असेल तर उत्तम, नाहीतर दोन संच चौघांत पुरतात. सुरुवातीला बारा आणि वीस बाजूंच्या फाशांत हटकून गल्लत होते. बैठकीच्या सुरुवातीलाच दोन्ही हातात द्या आणि फिरवून बघायला सांगा.

आणि बैठकीच्या तीन-चार दिवस आधी ग्रुपवर एक निरोप टाका. तीनशे पानांची पीडीएफ पाठवू नका. ती कुणी वाचत नाही, आणि ज्याने वाचली तो इतरांना दडपतो. चार ओळी पुरतात:

"कल्याण बंदरात उतरलेला माल नाणेघाटातून जुन्नरला न्यायचा आहे. महिन्याभरात दोन तांडे घाटात नाहीसे झाले. तुम्ही तिसऱ्या तांड्याबरोबर निघाला आहात. का निघालात, ते रविवारी बसून ठरवू."

हे उदाहरण मुद्दाम घेतलं. नाणेघाट हा सातवाहनकाळातला कोकणातून देशावर चढणारा खरा व्यापारी मार्ग. वर आजही दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं सांगतात. मुंबईतल्या पुष्कळ तरुणांनी पावसाळी ट्रेकला तो रांजण पाहिलेला असतो. कुठल्या तरी काल्पनिक राज्याचा नकाशा पाठ करण्यापेक्षा धुकं, निसरडी फरसबंदी आणि खाली दिसणारं कोकण हे नव्या खेळाडूला चटकन दिसतं. नियम तेच राहतात. मात्र देव मनाने रचलेले घ्या. घरच्या देव्हाऱ्यातला देव टेबलावर आला की कुणी तरी दुखावतं.

आधी कळू द्या, काय करायचंय

नव्या माणसाला "कोणता क्लास घेणार?" विचारणं म्हणजे पहिल्यांदा हॉटेलात आलेल्याला स्वयंपाकघराची यादी देणं. त्याऐवजी विचारा: दार बंद आहे, आत कुणाला तरी डांबून ठेवलंय, पहारेकरी दोन. तू काय करशील? दार फोडेन, कुलूप उघडेन, पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवेन, की मंत्र टाकेन? उत्तर आलं की क्लास जवळजवळ ठरतो.

फोडणाऱ्याला फायटर किंवा बार्बेरियन. उघडणाऱ्याला रोग (इंग्रजी rogue, म्हणजे चोर-भामटा; बोलताना सगळे असंच म्हणतात, तेव्हा लिहितोही तसंच). गुंतवणाऱ्याला बार्ड, किंवा बोलण्याची कौशल्यं घेतलेला रोग. मंत्र टाकणाऱ्याला विझार्ड. आणि आधी जखमींना सांभाळेन म्हणणाऱ्याला क्लेरिक.

आता खरी मेख. सगळे क्लास सारखे सोपे नाहीत, आणि हे नवख्यांना आधीच सांगायला हवं. पहिल्या लेव्हलच्या (पायरीच्या) बार्बेरियनला लक्षात ठेवायचं ते एवढंच: दिवसातून दोनदा रेज (संताप) करता येतो, तेव्हा ताकदीच्या वाराच्या मारात दोनची भर आणि स्वतःला बसणारा शस्त्रांचा मार अर्धा. फायटरला सेकंड विंड: एकदा दहा बाजूंचा फासा टाकून त्यात एक मिळवायचा, तेवढे हिट पॉइंट्स परत. रोगला स्नीक अटॅक, सहा बाजूंचा एक जादा फासा. पण तो कधी मिळतो हे नवे खेळाडू अर्धंच लक्षात ठेवतात. लपून वार केला तरच, असं त्यांना वाटतं. खरं तर आपला साथीदार त्या शत्रूच्या पाच फुटांत उभा असला तरी तो मिळतो. हे शीटवर लाल पेन्सिलीने लिहून द्या, नाहीतर रोग घेतलेला खेळाडू दोन सेशन निम्म्या ताकदीने लढेल आणि आपलं पात्र कच्चं आहे असं समजेल.

विझार्डचं वेगळं. पहिल्याच लेव्हलला तीन कॅन्ट्रिप (छोटे मंत्र), वहीत सहा स्पेल (मोठे मंत्र), त्यातले रोज किती तयार ठेवायचे याचा हिशेब, आणि प्रत्यक्ष टाकायला स्लॉट (स्पेल टाकायच्या संधी) फक्त दोन. हौसेने घेतलेला विझार्ड दोन मंत्र टाकून झाले की "आता मी काय करू?" म्हणून बसतो. त्याला अडवू नका, पण कॅन्ट्रिप कितीही वेळा टाकता येतात हे आधी समजावा आणि त्यातला एक तरी मार देणारा घ्यायला लावा. सहा स्पेल निवडताना सगळेच लढाईचे नकोत. दोन लढाईचे, एक बचावाचा, तीन इतर कामांचे, ही वाटणी चालते. ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) पहिल्या कॅम्पेनला टाळलेलाच बरा. दुसऱ्या लेव्हलला तो प्राण्याचं रूप घेतो आणि प्रत्येक प्राण्याचे आकडे वेगळे. ज्याला स्वतःची शीट अजून सापडत नाही त्याच्या हातात आणखी तीन येतात.

चौघांत एक तरी पुढे उभा राहणारा आणि एक तरी बरं करणारा असावा, असा आग्रह अनेक जण धरतात. पुढे उभं राहणाऱ्याबद्दल आमचंही मत तेच. बरं करण्याबद्दल मात्र ताणू नका. कुणाला क्लेरिक मनापासून नको असेल तर तांड्याच्या सामानात औषधाच्या चार कुप्या ठेवा आणि पुढे चला. इच्छेविरुद्ध घेतलेला क्लेरिक सहाव्या सेशनपर्यंत टिकत नाही.

आकडे

सहा स्टॅट्स: स्ट्रेंग्थ (ताकद), डेक्स्टेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा), इंटेलिजन्स (बुद्धी), विज्डम (शहाणपण), करिश्मा (छाप पाडणं). फासे टाकून ठरवायची जुनी पद्धत अशी: सहा बाजूंचे चार फासे टाका, सर्वांत लहान सोडून द्या, बाकी तिघांची बेरीज घ्या. मजा येते, पण नव्या गटात आम्ही ती सुचवत नाही. एकाला अठरा आणि सोळा पडतात, शेजारणीचा सगळ्यांत मोठा आकडा तेरा. आणि हा फरक पुढचे सहा महिने प्रत्येक फाशाला जाणवतो. सत्तावीस गुणांतून आकडे विकत घ्यायची पॉइंट बाय पद्धत न्याय्य आहे, पण तिचा हिशेब पहिल्या दिवशी डोकं खातो. सरळ ठरलेले सहा आकडे द्या: १५, १४, १३, १२, १०, ८. कोणता कुठे, एवढंच खेळाडूने ठरवायचं.

फाशात मिळवायचा असतो तो मॉडिफायर, स्टॅट नव्हे. १०-११ ला शून्य, १२-१३ ला +१, १४-१५ ला +२, १६-१७ ला +३, आणि ८-९ ला −१. हा तक्ता टेबलाच्या मधोमध ठेवा. वीसच्या फाशावर अकरा पडले आणि खेळाडूने त्यात सोळा मिळवून सत्तावीस सांगितले, हा प्रकार पहिल्या तासात होतोच.

मानव फायटरचं उदाहरण घेऊ. पंधरा स्ट्रेंग्थला, चौदा कॉन्स्टिट्यूशनला, तेरा डेक्स्टेरिटीला, बारा विज्डमला, दहा करिश्माला, आठ इंटेलिजन्सला. माणसाला सगळीकडे एकेक वाढतो: १६, १५, १४, १३, ११, ९. हिट पॉइंट्स फायटरचे दहा अधिक कॉन्स्टिट्यूशनचे दोन, म्हणजे बारा. साखळी चिलखताचा आर्मर क्लास (वार बसायला शत्रूला लागणारा आकडा) १६, ढालीचे दोन, एकूण १८. साखळी चिलखतात डेक्स्टेरिटी मिळवत नाहीत; इथे बहुतेक जण वीस लिहून मोकळे होतात. तलवारीचा वार: स्ट्रेंग्थचे तीन आणि प्रोफिशियन्सीचे (शस्त्राच्या सरावाचे) दोन मिळून +५. मार आठ बाजूंच्या फाशावर, अधिक तीन. तिथे प्रोफिशियन्सी मिळवायची नाही.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय? गॉब्लिन या छोट्या राक्षसाचा आर्मर क्लास १५. +५ असेल तर फाशावर दहा किंवा जास्त हवेत, म्हणजे शंभरात पंचावन्न वेळा वार बसतो. याच खेळाडूने हौसेने पंधरा करिश्माला दिले असते आणि स्ट्रेंग्थला बारा ठेवले असते, तर वाढीनंतर तेरा, मॉडिफायर +१, वार +३, शंभरात पंचेचाळीस. मॉडिफायरमधला एक म्हणजे पाच टक्के, हे असं मोजून दाखवलं की मुख्य स्टॅट कुठला ठेवायचा याची चर्चा संपते.

कॉन्स्टिट्यूशनकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून तुम्ही द्या. विझार्डचे कॉन्स्टिट्यूशन बारा असेल तर पहिल्या लेव्हलला हिट पॉइंट्स सात. गॉब्लिनला वीसचा फासा वीस पडला आणि माराच्या दोन्ही फाशांवर सहा-सहा आले, तर दोन मिळवून मार चौदा. सातात पात्र शून्यावर येतं, उरलेले सात त्याच्या पूर्ण हिट पॉइंट्सइतकेच आहेत, आणि अशा वेळी नियमाने पात्र तिथल्या तिथे मरतं. वाचवायला पाळी मिळत नाही. क्वचित होतं, पण पहिल्याच लढाईत झालं तर तो खेळाडू परत येईल याची खात्री नाही. म्हणून कुठलाही क्लास असो, कॉन्स्टिट्यूशनला आठ किंवा दहा देऊ देऊ नका.

आठ कुठे ठेवायचा, हा मात्र गमतीचा प्रश्न आहे आणि तो सगळ्यांसमोर विचारावा. इंटेलिजन्स आठ म्हणजे मूर्ख असं नाही. अक्षरओळख नसलेला, पण घाटातली प्रत्येक पायवाट ठाऊक असलेला वाटाड्या तोही आहे. उणीव कुठली ते ठरलं की पात्र बोलायला लागतं.

वंशावर फार वेळ घालवू नका. मानव सोपा, हाफलिंग रोगला छान, ड्वार्फ क्लेरिकला; बाकी आवडीचं. बॅकग्राउंडमध्ये मात्र आपल्या मातीचं बरंच काही बसतं. सेलर म्हणजे शूर्पारकच्या (आजच्या नालासोपाऱ्याच्या) तांडेलाची मुलगी. गिल्ड आर्टिझन म्हणजे कुठल्याशा श्रेणीतला (कारागिरांच्या संघातला) विणकर. सातवाहनकाळच्या लेखांत कारागिरांच्या श्रेणी येतातच. सोल्जर म्हणजे घाटावरच्या चौकीतून पळालेला शिपाई. नाव बदललं तरी कौशल्यं पुस्तकातलीच ठेवा: सेलरला अ‍ॅथलेटिक्स आणि पर्सेप्शन, सोल्जरला अ‍ॅथलेटिक्स आणि इंटिमिडेशन. क्लासकडून आणि बॅकग्राउंडकडून एकच कौशल्य दोनदा आलं तर बॅकग्राउंडच्या जागी दुसरं कुठलंही घेता येतं. दुप्पट होत नाही.

एकमेकांशी दोर बांधा

इथे चहा ठेवा, शीट बाजूला सरकवा. पुढचा अर्धा तास सगळ्या बैठकीत मोलाचा आहे आणि उशीर झाला की तोच कापला जातो.

प्रत्येकाने डावीकडच्याला एक प्रश्न विचारायचा, उत्तर डावीकडच्याने रचायचं, दोघांनी मान्य करायचं. "माझे किती पैसे तुझ्याकडे बाकी आहेत, आणि का?" "माझं कुठलं गुपित तुला कळलंय?" "मी तुला कुठून सोडवलं होतं?" गोल पूर्ण झाला की प्रत्येकाचा दोघांशी संबंध तयार. आता पळालेल्या शिपायाला विणकराने आपल्या तांड्यात लपवलंय, आणि तांडेलाच्या मुलीने ते पाहिलंय. चौघं एका वाटेने का चालतायत याचं उत्तर डीएमने दिलेलं नाही. ते खेळाडूंनी रचलंय, म्हणून ते सोडून जाणार नाहीत.

एकलकोंडा मारेकरी इथेच समोर येतो. "माझं पात्र कुणावर विश्वास ठेवत नाही" असं कुणी म्हणालं तर नाही म्हणू नका. विचारा: "या चौघांपैकी फक्त एकावर ठेवतं. कुणावर?" एक नाव मिळालं की काम झालं.

काही विषय टेबलावर नकोत असं कुणाला वाटत असेल तर ते आत्ताच ठरवा. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या, नाव न लिहिता विषय लिहून वाटीत टाकायचा, डीएमने सगळ्या वाचायच्या. कारण विचारायचं नाही. आपल्याच भूमीवर बेतलेला खेळ असला की जात, धर्म, भाषा यांवरून टोमणे नकळत येतात. बॅकग्राउंडला जातीची नावं देऊ नका, व्यवसायाची द्या.

बॅकस्टोरी पाच-सहा ओळींची. कुठून आलो, घरी कोण आहे, काय हवंय, कशाची भीती वाटते. चार पानं लिहून आणलेल्या खेळाडूचं कौतुक करा, पण पहिल्या लेव्हलच्या पात्राने आधीच दोन राज्यं जिंकलेली असतील तर ती वजा करायला सांगा. पराक्रम अजून घडायचेत. घरचा एक तरी माणूस जिवंत ठेवायला लावा. सगळेच अनाथ असले तर डीएमकडे ओढायला धागा राहत नाही.

नाव शेवटी. दोन-तीन अक्षरी, हाक मारता येईल असं, आणि चौघांची आद्याक्षरं वेगळी. नागो, नारू आणि नाथा एका लढाईत उतरले की पाळीची यादी वाचताना डीएमच चुकतो.

लुटुपुटूची लढाई

उठण्याआधी अर्धा तास खोटी लढाई खेळा: चौघांसमोर दोन गॉब्लिन. दोनच. तीन घेतले तर नियमांच्या हिशेबाने पहिल्या लेव्हलच्या चौघांना ती लढत कठीण ठरते. इथे कुणी मेलं तरी मोजायचं नाही, हे आधी सांगा. शीटमधल्या चुका याच अर्ध्या तासात बाहेर येतात: ढाल धरूनही दोन हातांचं शस्त्र, बाणांशिवाय धनुष्य, हिट पॉइंट्समध्ये विसरलेलं कॉन्स्टिट्यूशन. फायटरने सेकंड विंड वापरला नाही किंवा रोगने स्नीक अटॅक मागितला नाही, तर तिथेच थांबून दाखवा.

मग प्रत्येक शीटचा फोटो ग्रुपवर टाका आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये डीएमकडे ठेवा. पावसाळ्यात लोकलच्या दारात उभं राहून आलेल्याच्या सॅकमधली शीट वाचण्याजोगी राहत नाही.

पहिल्या तीन सेशनांपर्यंत कुणीही काहीही बदलू शकेल असं जाहीर करा: क्लास, स्टॅट्स, नावसुद्धा. पण नवखे खेळाडू हे स्वतःहून मागत नाहीत, त्यांना संकोच वाटतो. म्हणून दुसऱ्या सेशननंतर प्रत्येकाला वेगळा फोन करा आणि विचारा की लढाईत कंटाळा कधी आला. "माझी पाळी आली तेव्हा" असं उत्तर आलं तर पुढच्या रविवारी अर्धा तास आधी त्याला बोलवा आणि नवी शीट भरा. दोर बांधलेले तेच ठेवा.